घासलेलं नाणं आणि राखलेलं नाणं: चांदीची स्मारक नाणी जमवू पाहणाऱ्या इंदूरकरांसाठी

इंदूरच्या मराठी घरांत चांदीचा रुपया बहुधा देव्हाऱ्यातच भेटतो. लक्ष्मीपूजनाला तो डबीतून बाहेर येतो, चिंच नाहीतर रांगोळी लावून लख्ख घासला जातो, हळदकुंकू लागतं आणि पुन्हा डबीत जातो. पूजेसाठी हे योग्यच आहे. संग्रहासाठी मात्र तेच नाणं दरवर्षी थोडं थोडं झिजत जातं. टांकसाळीत ठशाखाली चांदी दबते त्या क्षणी नाण्यावर जो पृष्ठभाग तयार होतो, तो एकदाच मिळतो. चांदी वितळवून पुन्हा मिळवता येते, तो पृष्ठभाग नाही. संग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः त्या पृष्ठभागाचे. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १: काय जमवायचं ते आधी ठरवा

‘जुनी चांदीची नाणी’ असा मोघम विषय घेतला की वर्षभरात डबा भरतो, पण संग्रहाला तोंडावळा येत नाही. सुरुवातीला छोटा आणि पुरा होणारा संच घ्या. त्यासाठी १९६९ ते १९७३ मधली १० रुपयांची पाच स्मारक नाणी उत्तम.

पहिलं गांधी जन्मशताब्दीचं. वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, चांदी ८० टक्के. त्यावर १९६९ हे साल कुठेच नाही, ‘१८६९-१९४८’ एवढंच आहे. त्यामुळे नवखा माणूस साल शोधत बसतो. १९७० आणि १९७१ ची नाणी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या निमित्ताने निघाली. त्यांचं वजन आणि धातू गांधी नाण्यासारखेच. १९७२ चं नाणं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं: वजन २२.५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर, पण चांदी फक्त ५० टक्के. १९७३ चं ‘अधिक अन्न पिकवा’ हा विषय घेऊन आलं, तेही याच मापाचं आणि अर्ध्या चांदीचं.

इथे एक हिशेब करून पाहा. गांधी नाण्यात १५ × ०.८० म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. १९७२ च्या नाण्यात २२.५ × ०.५० म्हणजे ११.२५ ग्रॅम. हाताला जड लागणाऱ्या नाण्यात चांदी कमी! आकार पाहून भाव ठरवणारे इथेच फसतात.

१९७४ पासून १० रुपयांचं स्मारक नाणं तांबं-निकेलचं झालं आणि चांदी ५० रुपयांच्या नाण्यात गेली. त्याआधी १९७३ मध्येच २० रुपयांचं ३० ग्रॅमचं नाणं निघालं होतं. पुढची ५० आणि १०० रुपयांची बहुतेक चांदीची नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ३५ ग्रॅमची आणि अर्ध्या चांदीची आहेत. त्यांतली बहुतेक व्यवहारात कधी फिरलीच नाहीत, टांकसाळीने ती संचांत विकली. अहिल्यादेवींच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळला ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. इंदूरच्या संग्रहात ते हवंच. अशा नव्या नाण्यांचं वजन, व्यास आणि मिश्रण भारत सरकारच्या राजपत्रात अधिसूचनेने जाहीर होतं. विकणाऱ्याच्या तोंडी माहितीपेक्षा ती अधिसूचना उतरवून ठेवा.

आणि हे चांदीचं समजून घेऊ नका: स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरूंचं. त्याचा रुपया आणि पन्नास पैसे दोन्ही निकेलचे. गांधी शताब्दीचा एक रुपया आणि पन्नास पैसेही निकेलचेच. ही नाणी ‘चांदीचा गांधी रुपया’ म्हणून सर्रास विकली जातात. लोहचुंबक जवळ न्या. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. दोन सेकंदांचं काम आहे.

राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेली आणि त्यावर १८१८ किंवा १६१६ साल घातलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची नाणी’ ही नाणीच नव्हेत. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. देवाची मूर्ती म्हणून ती देवघरात ठेवा, संग्रहाच्या वहीत नको.

संस्थानी नाण्यांचा मोह इंदुरात होणारच, आणि व्हायलाही हवा. यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये, म्हणजे १८०६ साली संस्कृत श्लोक कोरलेले रुपये पाडले. मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर सूर्याचा चेहरा आहे, महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा शिवाजीराव होळकरांचा यंत्रावर पाडलेला, चेहरा असलेला रुपयाही आहे. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी कारकिर्दीच्या पन्नास वर्षांनिमित्त १९३७ मध्ये पाडलेला रुपया तर खऱ्या अर्थाने संस्थानी स्मारक नाणं. पण ही सगळी दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. मागणी जास्त म्हणून नकलाही जास्त, आणि हाताने पाडलेल्या नाण्याची श्रेणी, म्हणजे ते किती राखलं किंवा झिजलं आहे याची प्रत, ठरवणं यंत्राच्या नाण्यापेक्षा कितीतरी अवघड.

पायरी २: हत्यारं

फार काही लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग (श्रेणी पाहायला पाचपट पुरतं, टाका नि खोदकाम पाहायला दहापट लागतं), ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, प्लॅस्टिकच्या जबड्याचा व्हर्नियर कॅलिपर, छोटं पण ताकदवान लोहचुंबक, मऊ सुती कापडाची घडी आणि मान वळवता येणारा टेबलावरचा दिवा. कॅलिपर धातूचा घेऊ नका, कडेवर ओरखडा पडतो. दिवा पिवळसर उजेडाचा आणि एकाच गोळ्याचा हवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात घासलेलं नाणंही नवंकोरं दिसतं, आणि दुकानांत बहुधा तोच उजेड असतो.

नाणं कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनी यांच्यात, खाली कापडाची घडी ठेवून. बोटाचा ठसा चांदीत हळूहळू मुरतो आणि काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो. तो निघत नाही.

पायरी ३: धातू तपासा

आधी वजन आणि व्यास. हे दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जायचं कारणच नाही. सरावासाठी ब्रिटिश कलदार रुपया चांगला. नवा असताना तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि बारापैकी अकरा भाग चांदीचा. राणीछाप रुपया वापरून वापरून ११.५० पर्यंत उतरला तर नवल नाही. पण चेहऱ्यावरचे केस न् केस दिसताहेत आणि वजन ११.२० भरतंय, असं असेल तर नाणं परत करा. झीज नसताना वजन कमी होत नाही. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी अर्ध्यावर आली. म्हणून सहाव्या जॉर्जचा १९४० च्या दशकातला रुपया राणीछापाच्या भावाने घेणं हा धातूच्या हिशेबानेही तोटाच.

वजन-व्यास जुळले तरी शंका राहिली तर पाण्यातलं वजन घ्या. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि आकडा शून्य करा. बारीक नायलॉन दोऱ्याच्या फासात नाणं अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला आणि काचेला ते टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा.

गांधी नाण्याचं उदाहरण: १५.०० भागिले १.४८ म्हणजे १०.१४. ८० टक्के चांदी आणि उरलेलं तांबं असलं की इतकंच यायला हवं. कलदार रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, अर्ध्या चांदीच्या नाण्याचं साडेनऊच्या आसपास. तांबं-निकेलची नक्कल ८.९ च्या घरात थांबते. म्हणजे १५ ग्रॅमचं बनावट गांधी नाणं १.४८ ऐवजी जवळजवळ १.६९ दाखवेल. हा फरक साध्या काट्यावरही लपत नाही. मात्र नाण्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी उत्तर खाली येतं, म्हणून दोऱ्याला हलका झटका द्या आणि तीनदा मोजा. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून वरून टिपा, पुसू नका. प्रूफ (आरशासारख्या चकचकीत ठशाने खास बनवलेल्या) किंवा संचातल्या कोऱ्या नाण्यावर हा प्रयोग करायचा नाही. तिथे वजन, व्यास आणि मूळ वेष्टण एवढ्यावरच भागवा.

आवाजाची परीक्षा लोक फरशीवर नाणं आपटून घेतात. कड चेपते, आणि नाणं खरं निघालं तरी किमतीने पडतं. बोटाच्या टोकावर नाणं तोलून धरा आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकाने कडेवर हलकेच टिचकी मारा. चांदी लांब, बारीक घुमते. ओतीव नक्कल बद्द वाजते. माळेसाठी कडी झाळून नंतर काढलेला रुपयाही नीट घुमत नाही. त्यामुळे आवाज आवळला की कडेवर बारा वाजण्याच्या जागी भिंग लावा. तिथे कंगोरे बुजलेले किंवा नव्याने कोरलेले सापडतात.

सराफ्यातल्या यंत्रावर, ज्याला सगळे कॅरेटोमीटर म्हणतात, नाणं तपासून मिळतं. त्याने ओरखडा पडत नाही, ही चांगली बाजू. पण ते फक्त वरचा थर वाचतं. चांदीचा जाड मुलामा चढवलेली नक्कल तिथे पास होऊ शकते. म्हणून यंत्राचं उत्तर आणि पाण्यातलं वजन दोन्ही जुळवा. कसोटीच्या दगडावर मात्र नाणं घासू देऊ नका, कडेनेसुद्धा नाही. दागिन्याला तो चालतो, नाण्याला नाही.

पायरी ४: श्रेणी ठरवणं

बाजारात यूएनसी (कोरं), एयू (किंचित वापरलेलं), एक्सएफ (थोडं झिजलेलं), व्हीएफ (मध्यम झिजलेलं), फाइन (बरंच झिजलेलं) अशी नावं चालतात. परदेशी प्रमाणपत्रांवर त्याच क्रमाचे १ ते ७० आकडे असतात: ६० च्या पुढे कोरं नाणं, ५० ते ५८ किंचित वापर, ४० आणि ४५ म्हणजे एक्सएफ, २० ते ३५ व्हीएफ, १२ ते १५ फाइन. आकडे नंतर आपोआप पाठ होतात. आधी डोळा तयार झाला पाहिजे, आणि तो वाचून होत नाही.

त्यासाठी पंचम जॉर्जचे दोन कलदार रुपये घ्या, एक बऱ्यापैकी कोरा आणि एक झिजलेला. धातूच्या भावाला मिळतील असेच घ्या, हे शिकण्यासाठी आहेत. दिव्याखाली नाणं फूटभर अंतरावर धरा, थोडं कलतं करा आणि सावकाश फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाच्या दोन-तीन पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यातून कडेकडे फिरतात. याला सगळे लस्टर म्हणतात. ठशाचा दाब पडला की चांदी मधून बाहेर सरकते, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. उजेड त्या रेषांवर तुटतो. नाणं खिशात चार दिवस वाजलं तरी उंच जागांवरच्या या रेषा आधी जातात. म्हणून लस्टर कुठे तुटलं हे पाहणं म्हणजेच झीज पाहणं.

आता उंच जागा ओळखा. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाची भुवई, कानावरचे केस, मिशी, मुकुटाची मधली कमान आणि झग्यावरचा चिमुकला हत्ती. मागच्या बाजूला गुलाब, काटेरी थिसल, तिपानी शॅमरॉक आणि कमळ यांच्या वेलीतल्या पाकळ्यांची टोकं. फिरवताना आरे भुवईवरून न अडखळता गेले तर नाणं कोरं. भुवई आणि मुकुटाच्या कमानीवर नखाएवढा राखाडी, मेणचट ठिपका राहिला, बाकी सगळीकडे आरे फिरताहेत, तर एयू. केसांच्या बटा वेगळ्या दिसतात पण त्यांची टोकं सपाट झालीत आणि लस्टर फक्त अक्षरांच्या आडोशाला उरलंय, तर एक्सएफ. मुकुटातले खडे एकमेकांत मिसळले, हत्तीचा आकार कळतो पण सोंड-पाय सैल झाले, तर व्हीएफ. हत्ती ठिपका झाला आणि केस एकच गोळा, तर फाइन किंवा त्याखाली. (१९११ च्या पहिल्या रुपयात हाच हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून गहजब झाला, नाणं मागे घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी हत्ती बदलला. म्हणून १९११ च्या रुपयाला मागणी जास्त आणि नकलाही भरपूर.)

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कच्च्या ठशाला झीज समजणं. दाब कमी पडला की उंच जागी चांदी ठशात पूर्ण चढत नाही आणि भुवई जन्मतःच सपाट राहते. फरक ओळखायची खूण सोपी: कच्च्या ठशाच्या जागेवर खरखरीत, पण उजळ कण दिसतात आणि आरे तिथूनही फिरतात. झिजलेली जागा गुळगुळीत आणि निस्तेज असते. पहिल्या नाण्याला कोरं म्हणता येतं, दुसऱ्याला नाही.

स्मारक नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. ती फिरलेलीच नसल्याने झीज जवळजवळ नसते. तिथे फरक पडतो खुणांनी. ३५ ग्रॅमची नाणी पोत्यात एकमेकांवर आदळतात, आणि ४४ मिलिमीटरच्या मोकळ्या सपाट भागावर प्रत्येक खोच उठून दिसते. कोपऱ्यात, अक्षरांच्या गर्दीत पडलेली खोच चालून जाते. चेहऱ्याच्या गालावर किंवा समोरच्या मोकळ्या जागेत पडलेली नाही चालत. गांधी नाण्यात गाल आणि कानाची वरची कड आधी पाहा, मागे मधल्या सिंहाचं नाक आणि छाती. दोन्ही बाजू वेगवेगळ्या श्रेणीच्या निघाल्या तर संपूर्ण नाण्याला कमी बाजूची श्रेणी द्या. शंका आली तरी खालचीच द्या, पुढे विकताना समोरचाही तेच करणार आहे.

प्रूफ ही श्रेणी समजू नका. ती नाणं बनवण्याची पद्धत आहे. चकचकीत केलेला ठसा, चकचकीत केलेली चकती आणि एकापेक्षा जास्त वेळा दाब. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा आणि चेहरा बर्फासारखा पांढुरका दिसतो. मुंबई टांकसाळीच्या प्रूफवर १९९५ पर्यंत ‘बी’ अक्षर असे, १९९६ पासून ‘एम’ आहे. साध्या मुंबई नाण्यावर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण, हैदराबादवर तारा, नोएडावर टिंब आणि कोलकात्याच्या नाण्यावर कुठलीच खूण नाही. कोरं नाणं पॉलिशच्या चाकावर घासून ‘प्रूफ’ म्हणून खपवलं जातं. त्यात आरसा तर येतो, पण अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि टांकसाळीचं अक्षर नसतं.

पायरी ५: घासलेलं नाणं ओळखा

सराफ्यात चांदी ‘उजाळून’ देतात: रिठ्याचं पाणी आणि पितळी तारांचा ब्रश. घरी टूथपेस्ट, राख, चिंच, खाण्याचा सोडा. पैंजणाला आणि वाटीला हे ठीक. नाण्यावर त्यातला प्रत्येक कण ओरखडा काढतो. दिव्याखाली मोकळ्या भागात केसासारख्या बारीक रेषा एकाच दिशेने, समांतर, किंवा गोल गोल दिसल्या की नाणं घासलेलं आहे. वापरातल्या नाण्यावरही ओरखडे असतात, पण ते कसेही, कुठल्याही दिशेने पडलेले असतात. दुसरी खूण म्हणजे झीज आणि चमक यांचा मेळ न बसणं. व्हीएफ नाणं पांढरंशुभ्र असूच शकत नाही. शंभर वर्षं हातोहात फिरलेल्या चांदीवर राखाडी साय येतेच, आणि अक्षरांच्या खाचांत थोडा काळा मळ राहतो. खाचा स्वच्छ आणि त्यांत पांढरी पूड अडकलेली दिसली तर ती बहुतेक टूथपेस्ट.

रसायनात बुडवून काळेपणा काढलेलं नाणं ओरखड्यांवरून कळत नाही. ते पांढरं असतं, पण आरे फिरत नाहीत. आम्लाने वरचा थर, म्हणजे त्या सूक्ष्म रेषाच, खाल्लेल्या असतात. एकदा बुडवलेलं कदाचित निभावतं, तिसऱ्यांदा बुडवलेलं मेलेलं असतं.

चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकामुळे. हळूहळू चढलेला रंग आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळा होतो, एका रंगातून दुसऱ्यात अलगद सरकतो आणि त्याखालून लस्टर दिसत राहतं. असा रंग काढायचा नसतो, तो जपायचा असतो. अनेकदा त्याच्यामुळेच किंमत वाढते. भडक, डागाळ, कडा तुटक असलेला आणि ओरखड्यांच्या वरूनही सारखाच बसलेला रंग मात्र हल्लीच चढवलेला असतो.

मग नाण्याला काहीच करायचं नाही का? धूळ, तेल किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, पाच मिनिटं बुडवून ठेवा, बाहेर काढा आणि हवेवर वाळू द्या. ते चांदीला खात नाही. नेलपॉलिश काढायचा द्रव वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब बसा. यापलीकडे काही करायचं नाही.

पायरी ६: घेताना

इंदूरच्या सराफा भावात चौरसा आणि टंच या चांदीच्या प्रकारांसोबत ‘सिक्का प्रति नग’ असाही भाव सांगतात. हा कलदार रुपयाचा धातू म्हणून भाव आहे. श्रेणीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्यातच नवख्याची संधी आहे. राजवाड्यामागच्या सराफ्यात दिवसा, गर्दी होण्याआधी जा. मोडीत आलेले रुपये पाहू द्याल का, असं नम्रपणे विचारा. शंभरात नव्वद घासलेले किंवा झाळलेले निघतात. उरलेल्यांत कधी कधी कुणाच्या आजीने कापडात गुंडाळून ठेवलेला, न घासलेला रुपया हाताला लागतो आणि तो भट्टीतून वाचतो.

स्मारक नाण्यासाठी आधी धातूची किंमत काढा: शुद्ध चांदीचे ग्रॅम गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. मागितलेली रक्कम त्याच्यापेक्षा जितकी जास्त, तितकी ती श्रेणीची आणि दुर्मिळतेची. तो जास्तीचा भाग तुम्हाला डोळ्यांनी पटला पाहिजे. दुकानाबाहेर येऊन नैसर्गिक उजेडात पाहू दिलं नाही तर घेऊ नका. पावतीवर साल, टांकसाळ आणि श्रेणी लिहून घ्या.

‘शेतात सापडलेला हंडा’ असं सांगून कुणी नाणी दाखवली तर हात लावू नका. जमिनीत सापडलेलं १० रुपयांवरच्या किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून राणीछाप रुपया परस्पर परदेशी प्रमाणपत्रासाठी पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने ‘तुमचं जुनं नाणं लाखांत घेतो, आधी शुल्क भरा’ असे फोन येतात. असल्या व्यवहारात आपण नाही आणि शुल्कही घेत नाही, असं बँकेने जाहीर केलेलं आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत नोंद करा: क्रमांक, मूल्य, साल, टांकसाळ, वजन, व्यास, तुम्ही दिलेली श्रेणी, विकणाऱ्याने सांगितलेली श्रेणी, दोष, किंमत, तारीख. सहा महिन्यांनी जुन्या नोंदी झाकून नाण्यांना पुन्हा श्रेणी द्या. दोन्ही श्रेणी जुळू लागल्या की डोळा बसला समजा.

पायरी ७: ठेवताना

मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. दोन-तीन उन्हाळ्यांत ती घाम सोडतात आणि नाणं हिरवं होतं. मायलर नावाच्या कडक, वास नसलेल्या प्लॅस्टिकची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. स्टेपल पिना पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला त्या ओरखडतात. ३४, ३९ आणि ४४ मिलिमीटरच्या नाण्यांसाठी त्याच मापाच्या गोल कॅप्सूल मिळतात. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं, ते नको. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकर यांत गंधक असतं, त्यांना जवळ येऊ देऊ नका. सागवानी कपाटाचा वास येत असेल तर तेही नको. पत्र्याचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा स्वयंपाकघर व देवघर यांच्यापासून लांब, कारण फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर दोन्ही चांदीवर बसतात.

पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास डबा उघडा, पुड्या बदला, एकेक नाणं दिव्याखाली फिरवून पाहा आणि वहीत नवी नोंद करा. लक्ष्मीपूजनासाठी एखादा आधीच घासलेला कलदार वेगळा काढून देव्हाऱ्यात ठेवून द्या आणि घरातल्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा, म्हणजे धनत्रयोदशीच्या सकाळी चिंचेच्या वाटीत चुकून दुसरा पडणार नाही.